कुलूपबंद ईमेल आणि पेढीची किल्ली

पुण्याच्या भवानी पेठेत, रविवार पेठेत किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पेढी उघडली की दिवाबत्तीनंतरचे पहिले काम हल्ली ईमेल पाहण्याचे असते. बँकेचा खातेउतारा, आयकर खात्याची सूचना, डिमॅटचे विवरण, परदेशी ग्राहकाची मागणी, चाकणच्या कारखान्याकडून आलेला सुट्या भागाचा आराखडा असे नाना कागद त्यात असतात आणि त्यांतले पुष्कळसे कुलूपबंद येतात. फाइलवर बोट ठेवले की पासवर्ड मागितला जातो. कधी तोही मागितला जात नाही. हा संदेश पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच पडद्यावर उमटते. मग मुनीमजी मुलाला हाक मारतात, मुलगा सीएच्या कार्यालयात फोन लावतो आणि कोणीतरी तो पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. फाइल उघडते, काम होते. कुलूप कशासाठी होते आणि ते लावणारा खरोखर तोच होता का, हे प्रश्न मात्र तसेच राहतात.

व्यापारी समाजाला हे प्रश्न नवे नाहीत. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, हे मराठी माणूस शाळेपासून ऐकत आला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाच्या परिसरात असताना सावकारांचा एक कासीद त्यांच्या लोकांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांचा तर हिशेबच न लागल्याची भाषा होती. वाचणाऱ्याला अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. दोन मोती कोण आणि मोहरा कोण, हे त्या घडीला कोणालाही उमगण्याजोगे होते.

पत्र ज्याच्यासाठी लिहिले त्याच्याऐवजी दुसऱ्याने फोडले आणि संकेत इतका सोपा होता की तो उलगडला, एवढी एक गोष्ट या प्रसंगातून आजच्या पेढीवर आणून पाहण्यासारखी आहे.

आजच्या कुलूपबंद फाइलीचे शास्त्र त्या संकेतभाषेहून अर्थातच कितीतरी पुढचे आहे. फाइल कूटबद्ध करणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक अक्षर गणिती रीतीने असे विस्कटून टाकणे, की योग्य किल्लीवाचून ते पुन्हा जुळू नये. पीडीएफसाठी आज जी पद्धत वापरतात तिच्या सर्वांत भक्कम प्रकारात संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी भरते. जगातले सारे संगणक एकत्र जुंपले तरी त्या सगळ्या किल्ल्या लावून पाहता येणार नाहीत. कुलूप असे अभेद्य, पण त्याची किल्ली बहुतेक वेळा पासवर्डातून घडवलेली असते आणि तो पासवर्ड ठरवण्याची रीत ठरलेली असते. दुबळेपणा तिथे शिरतो.

आयकर खात्याकडून कलम १४३(१) खाली जी सूचना येते, ती उघडण्यासाठी पॅन क्रमांक लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ अंकांत लिहावी लागते. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, यालाही हीच रीत आहे. भागीदारी पेढी किंवा कंपनी असेल तर जन्मतारखेच्या जागी स्थापनेची तारीख येते. ई-आधारच्या फाइलीला नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. डिपॉझिटरीकडून येणाऱ्या समभाग व म्युच्युअल फंडांच्या एकत्रित विवरणाला पुन्हा पॅनच, पण तो मोठ्या अक्षरांत. एकच पॅन एके ठिकाणी लहान आणि दुसरीकडे मोठ्या अक्षरांत लागतो, हे लक्षात न आल्याने घरोघरी किती वेळ वाया जातो! त्यात मोबाइलचा कळफलक पहिले अक्षर आपणहून मोठे करतो, आणि दुसरीकडून उचलून चिकटवलेल्या पासवर्डाच्या शेवटी एखादी मोकळी जागा नकळत येते. फाइल उघडत नाही म्हणून सीएला फोन करण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासल्या तर पुष्कळदा काम तिथेच होते.

आता या किल्ल्यांचे घटक पाहा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पेढीचा पॅन. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर तो मालकाचा स्वतःचा पॅन. हा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असतो, दुकानातील पाटीवरही असतो. तो झाकण्याचा प्रश्नच नाही, कारण कायद्यानेच तो दाखवावा लागतो. राहिली जन्मतारीख. ती समाजाच्या डिरेक्टरीत छापलेली असते, परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत असते, लग्नाच्या बायोडेटात तर जन्मवेळेसह असते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा व्हॉट्सअ‍ॅप गट उरलेली कसर भरून काढतो. पॅन माहीत असेल तर शंभर वर्षांच्या साऱ्या जन्मतारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास होतात आणि तेवढ्या लावून पाहणे हे संगणकाला काहीच नाही. ई-आधारबाबत तर नाव ठाऊक असले की फक्त जन्मवर्ष शोधायचे उरते. म्हणजे फार तर शंभर प्रयत्न.

यात आयकर खात्याचा किंवा बँकेचा दोष काढणे सोपे आहे. कोट्यवधी लोकांना, त्यांत वृद्धही आले, पासवर्ड लक्षात राहावा म्हणून ही सोय आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पोस्टाच्या लिफाफ्याला जसा डिंक, तसे हे कुलूप. वाटेत सहज कोणी वाचू नये एवढेच त्याचे काम. म्हणून अशी फाइल एकदा उघडल्यावर ती कुठे ठेवली जाते याला महत्त्व आहे. ती पेढीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून खाली पासवर्डही लिहिला, तर डिंकाचाही उपयोग राहत नाही. फाइल आपल्या संगणकावर घ्यावी, स्वतःचा निराळा पासवर्ड घालून पुन्हा जतन करावी आणि सीएला ती ईमेलने गेली तर पासवर्ड फोनवर तोंडी सांगावा. समाजाच्या डिरेक्टरीत वर्ष वगळून नुसता दिवस आणि महिना छापला, तर शुभेच्छा देणाऱ्यांचे काहीच अडणार नाही.

पीडीएफला दुसऱ्या जातीचेही एक कुलूप असते. फाइल उघडते, वाचता येते, पण छापता येत नाही किंवा मजकूर उचलता येत नाही. हे बंधन पाळायचे की नाही हे फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. ते पाळणारी सॉफ्टवेअरे आहेत आणि न जुमानणारीही आहेत. त्याला कुलूप म्हणण्यापेक्षा दारावरची ‘आत येऊ नये’ ही पाटी म्हणणे अधिक बरोबर.

खरी अडचण होते ती तिसऱ्या प्रकारात, म्हणजे अधिकार-संरक्षित ईमेलमध्ये. भोसरी, चाकण या पट्ट्यात मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे आपल्या समाजातील अनेक उद्योजक आहेत. परदेशात माल पाठवणारेही आहेत. मोठ्या कंपन्या त्यांना आराखडे, दरपत्रके, करारांचे मसुदे अशा रीतीने पाठवतात की पत्र एका विशिष्ट पत्त्यालाच उघडावे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत अशा पत्राला ‘आरपीएमएसजी’ या शेपटीची एक फाइल जोडलेली दिसते आणि ‘संदेश वाचा’ अशा अर्थाचे एक बटण असते. त्यावर गेले की दोन वाटा मिळतात. पत्र ज्या पत्त्यावर आले त्याच खात्याने प्रवेश करायचा, किंवा एकदाच चालणारा संकेतांक मागवायचा. तो संकेतांक त्याच ईमेल पत्त्यावर येतो आणि पंधरा मिनिटेच चालतो. पुष्कळदा तो स्पॅमच्या कप्प्यात जाऊन बसतो आणि इकडे मंडळी पुन्हा पुन्हा नवा मागवत राहतात. नवा मागवला की नव्यानेच काम होते, जुना टाकून अर्थ नसतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पत्र पुढे पाठवल्याने. पत्र येते पेढीच्या खरेदी विभागाच्या पत्त्यावर. मुनीमजी ते मालकांच्या खाजगी जीमेलवर पाठवतात. मालक ते मुलाला पाठवतात, आणि मुलाला ते उघडत नाही. संगणक बिघडलेला नसतो. फाइल उघडण्याचा हक्क त्या एका पत्त्याला दिलेला असतो. मुलाच्या हाती आलेला लिफाफा खरा असतो, पण आतला कागद त्याच्या नावाचा नसतो. अशा वेळी खटपट न करता पाठवणाऱ्याला सरळ कळवावे, की या कामासाठी अमुक पत्ता धरावा व पत्र पुन्हा पाठवावे. त्यांच्या बाजूने ते मिनिटाभराचे काम आहे. पेढीचा कामकाजाचा पत्ता एकच ठेवून तो कोण कोण पाहणार हे ठरवलेले असले, तर ही वेळ सहसा येत नाही.

संरक्षित वर्ड किंवा एक्सेल फाइल असेल तर ती साध्या मोबाइल अ‍ॅपमध्ये उघडेलच असे नाही. तिला अधिकार तपासणारे मूळ सॉफ्टवेअर लागते आणि ते इंटरनेटवरून पाठवणाऱ्याच्या व्यवस्थेला विचारून मगच पान दाखवते. म्हणूनच आज उघडलेली फाइल महिन्याने उघडत नाही असेही घडते. पाठवणाऱ्याने मधल्या काळात हक्क काढून घेतलेला असतो, किंवा मुदत संपलेली असते. जीमेलमध्येही २०१८ पासून गोपनीय पत्राची अशीच सोय आहे. पत्राला मुदत घालता येते, पुढे पाठवणे, छापणे, उतरवून घेणे बंद करता येते आणि हवा तर मोबाइलवर संकेतांक मागवण्याची अट घालता येते. पडद्याचा फोटो काढण्यापासून मात्र ती कोणालाही अडवू शकत नाही.

हा फोटोचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण पेढ्यांवर तो सर्रास काढला जातो. हेतू वाईट नसतो. कारागिराला माप दाखवायचे असते. परंतु ज्या आराखड्यावर ‘फक्त पाहण्यासाठी’ अशी अट आहे, तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि पुरवठादाराने बहुधा तसा करारही सही केलेला असतो. न दिलेले घेऊ नये, हे अचौर्य व्रताचे सांगणे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला निराळे काय सांगावे? छापील प्रत लागत असेल तर ती मागावी. मागितल्यावर हक्क वाढवून मिळतो, असा पुष्कळांचा अनुभव असतो.

येथवर झाली ती खऱ्या कुलपांची गोष्ट. चोराने लावलेले कुलूप याहून अधिक धोक्याचे असते.

ईमेल सेवा प्रत्येक अटॅचमेंट आत डोकावून तपासते. फाइल कुलूपबंद असेल तर तिला आत पाहता येत नाही, आणि हेच ओळखून चोर विषारी फाइल झिपमध्ये बांधतात, तिला पासवर्ड घालतात व तो पासवर्ड त्याच पत्रात खाली लिहितात. वाचणाऱ्याला वाटते, पासवर्ड घातला आहे म्हणजे काहीतरी महत्त्वाचे आणि सुरक्षित असणार. इमोटेट नावाच्या कुप्रसिद्ध मालवेअरने जगभर हीच युक्ती वापरली. खरी बँक पासवर्ड पत्रात छापत नाही. तो कसा जुळवायचा एवढेच सांगते. तेव्हा कुलूप आणि किल्ली एकाच लिफाफ्यात आली, तर तो लिफाफा बाजूला ठेवावा.

दुसरी युक्ती अधिकार-संरक्षित पत्राची नक्कल करण्याची. पत्राला एचटीएमएल प्रकारची फाइल जोडलेली असते. ती उघडली की ओळखीचे बोधचिन्ह दिसते आणि दस्तऐवज पाहण्यासाठी ईमेलचा पासवर्ड मागितला जातो. तो दिला की पेढीची पत्रपेटी दुसऱ्याच्या हाती जाते. चोर तिथे लगेच काही करत नाही, ही यातली खरी भीती. तो महिनोन्‌महिने नुसता वाचत बसू शकतो. कोण माल देतो, कोणाचे किती देणे आहे, बिले केव्हा येतात, मालकांची लिहिण्याची पद्धत कशी आहे, हे पाहून घेतो. पत्रांची एक प्रत आपल्याकडे वळवणारा नियम गुपचूप बसवून ठेवतो. आणि मग मोठे बिल येण्याच्या दिवशी खऱ्या पुरवठादाराच्या नावाने, खऱ्या बिलासारखे बिल येते. त्यात बदल एकच असतो, बँक खात्याचा क्रमांक. पैसे जातात, आणि पंधरा दिवसांनी खरा पुरवठादार देण्याची आठवण करतो तेव्हा सगळे उघडकीला येते.

पुण्याला हे कथानक समजावून सांगावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ असा शब्द होता आणि आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ केला, असे परंपरा सांगते. इतिहासकार त्यावर काहीही म्हणोत, ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला. त्या हुकुमात उणीव गुप्ततेची नव्हती. कागद ज्यांना मिळायचा त्यांनाच मिळाला. मधल्या हाताने अक्षर बदलले आहे, हे ओळखण्याचे साधन मात्र कागदात नव्हते.

आज ते साधन आहे, आणि ते पासवर्डाहून अगदी वेगळे आहे. डिजिटल स्वाक्षरी फाइल झाकत नाही; कोणालाही ती वाचू देते. पण सही झाल्यानंतर त्या फाइलीतले एक अक्षर, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सही तुटल्याचे वाचणाऱ्याला दिसते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीला मान्यता दिली. ई-आधार, आयकराच्या सूचना यांवर ती असते. ई-आधार उघडल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि बरेच जण गोंधळतात. त्याचा अर्थ सही खोटी असा नसून, त्या संगणकाने सही देणाऱ्या संस्थेची ओळख अजून मान्य केलेली नाही, एवढाच असतो. सहीवर जाऊन ती तपासून मान्य केली की हिरवी खूण येते. एक गोष्ट मात्र विसरली जाते. अशा फाइलीची छापील प्रत काढली की डिजिटल सहीची ती परीक्षा कागदावर करता येत नाही. हिरव्या खुणेची झेरॉक्स म्हणजे केवळ चित्र.

बिलांवर अशी सही अजून सार्वत्रिक नाही. तोवर व्यापाऱ्याला आपली जुनी रीत आठवावी लागेल, आणि ती जुनी रीत फार शहाणपणाची होती. हुंडीचेच पाहा. हुंडी लिहिणारा ज्याच्यावर ती काढली त्याला स्वतंत्र पत्राने अगोदर कळवत असे, की अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी आपल्याकडे येईल. हुंडी एका वाटेने जाई आणि खबर दुसऱ्या वाटेने. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून ती एकदाच लिहून भागत नसे. तिचे निमे किती आणि त्याचे दुप्पट किती, हेही त्याच ओळीत शब्दांनी नोंदलेले असे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर ज्या शाहाने ती आणली त्याने रक्कम परत करावी असा रिवाज होता. हुंडी हरवली तर पैठ आणि तीही हरवली तर परपैठ लिहून मिळे, पण पैसे एकदाच दिले जात. चुकती झालेली हुंडी ‘खोका’ होऊन दप्तरात जाई. कागद कोणाच्या हातात आहे, त्याचा हक्क कोणाला आहे आणि तो खरा आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या माणसांना संगणकाशिवाय कळत होते.

त्या खबरपत्राची जागा आज फोनने घ्यायची आहे. बिलातील खाते बदलले असेल, तर पुरवठादाराला पूर्वीपासून आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर फोन करावा; नव्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, कारण तो चोराचाच असतो. आवाज ओळखीचा असला तरी खात्याचे शेवटचे आकडे वाचून घ्यावेत. यात कोणाला संकोच वाटतो, जुन्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. पण पुण्यातच सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेच्या संचालकाला कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले, आणि ते खरे मानून एक कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम परक्या खात्यांत गेली. संदेश खरा की खोटा, हे दुसऱ्या वाटेने विचारले गेले असते तर ती रक्कम वाचली असती. एवढ्या मोठ्या संस्थेत हे होऊ शकते, तर पेढीवर विचारून घेण्यात कमीपणा कसला? पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी अडवली गेली तर परत मिळण्याची आशा असते; तासागणिक ती कमी होत जाते. पत्रपेटीचा पासवर्ड बदलावा, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करावी आणि पत्रे परस्पर वळवणारा नियम कोणी बसवला आहे का हे सेटिंगमध्ये पाहावे. नुसता पासवर्ड बदलला आणि तो नियम तसाच राहिला, तर पत्रे चोराकडे जातच राहतात.

आता किल्ली घरात कोणाकडे असते, याकडे यावे लागेल. येथे आपल्या कुटुंबांची एक जुनी सवय आड येते. मालकांचा मोबाइल, मालकांचाच ईमेल, पण सारे पासवर्ड मुनीमजींच्या वहीत. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन सीएच्या कार्यालयातील खणात, आणि त्याचा पिन त्याच टोकनावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. विश्वासाने चाललेले असते आणि बहुधा तो विश्वास रास्तही असतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे सहीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी सही ज्याच्या नावे आहे त्यानेच घ्यायची असते. त्या टोकनाने झालेली सही त्याची सही आहे. कोरा स्टॅम्पपेपर सही करून कोणी दुसऱ्याच्या खणात ठेवत नाही. टोकन मात्र ठेवले जाते.

याच्या उलट टोक घरात दिसते. वडिलांनी सारे व्यवहार स्वतः सांभाळले, कोणाला काही सांगितले नाही, आणि एके दिवशी ते गेले. मुदत ठेवी कुठे आहेत, विमा किती, समभाग कोणते, कोणाला उसने दिले, हे सगळे त्यांच्या पत्रपेटीत आहे. पत्रपेटी उघडण्याचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो. मोबाइलला त्यांच्या बोटाचा ठसा लागतो. काही महिन्यांनी रिचार्ज न झाल्याने तो क्रमांकही बंद पडतो. पत्नीसमोर कुलूपबंद पीडीएफची रांग असते. पॅन आणि जन्मतारखेने उघडणाऱ्या फाइली निदान उघडतात. येथे तो दुबळेपणाच उपयोगी पडतो, हा योगायोग म्हणायचा. पण त्यांनी स्वतः निवडलेल्या भक्कम पासवर्डाने बंद केलेली हिशेबाची फाइल कोणीही उघडू शकत नाही, ज्या कंपनीने ते सॉफ्टवेअर केले तीसुद्धा नाही. तिथे वारसा प्रमाणपत्राचाही उपाय चालत नाही. परक्यांनी पाठवलेल्या अधिकार-संरक्षित पत्रांचा हक्क तर त्या पत्त्याबरोबरच थांबतो.

गूगलने यासाठी २०१३ पासून एक सोय ठेवली आहे. खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर ते कोणाला कळवायचे आणि कोणती माहिती कोणाला द्यायची, हे जिवंतपणीच नोंदवून ठेवता येते. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या नावाने ती सापडते. फार थोड्या घरांत ती वापरली जाते. वापरलेच न गेलेले वैयक्तिक खाते दोन वर्षांनंतर पुसून टाकण्याचे धोरणही गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा ‘पुढे कधीतरी पाहू’ म्हणून ठेवलेली पत्रपेटी राहीलच असे नाही.

देरासरातील भंडारपेटीला अनेक ठिकाणी दोन किंवा तीन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या विश्वस्तांकडे असतात; सारे जमल्याशिवाय ती उघडत नाही. घरात हीच रीत सहज आणता येते. कोणत्या बँकेत, कोणत्या संस्थेत काय आहे, त्यांची पत्रे कोणत्या ईमेलवर येतात आणि त्या फाइली कोणत्या रीतीने उघडतात, याची यादी एका कागदावर लिहून ती पत्नीच्या किंवा मोठ्या सुनेच्या हाती असावी. पासवर्ड त्या यादीत नसावेत. ते दुसऱ्या लिफाफ्यात, लाखेने बंद करून, तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. एक कागद चुकून दुसऱ्याच्या हाती लागला तरी त्याचा उपयोग होत नाही, आणि दोन्ही एकत्र आणणारी माणसे घरचीच असतात. लिफाफा वर्षातून एकदा नवा करावा लागतो, कारण पासवर्ड बदलतात, मोबाइल क्रमांक बदलतो आणि डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत सहसा एक ते तीन वर्षांत संपते. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या चोपड्या काढल्या जातात, तेव्हा तिजोरी उघडलेलीच असते.